‘चेक्ड’ म्हणजे नेमकं काय बघितलं?

पूर्वी बायका एखादी गोष्ट विसरू नये म्हणून पदराला गाठ मारून ठेवत. युक्ती चांगली, पण तिच्यात एक गोम आहे. गाठ दिसली की ‘काहीतरी करायचं होतं’ एवढंच आठवतं. काय करायचं होतं ते गाठ सांगत नाही, आणि ते खरंच झालं की नाही हे तर तिला मुळीच कळत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये या वर्षीपासून जो २८ मुद्द्यांचा छापील ‘सेफ्टी चेकलिस्ट’ फॉर्म आला आहे, तो बघितला की मला ही गाठच आठवते. त्या फॉर्मबद्दल पुढे बोलणारच आहे. पण चेकलिस्ट या प्रकारावर जिथे सर्वांत जास्त विचार झाला, आणि जिथे चूक झाली की लगेच माणसं मरतात, त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आधी जाऊन येऊ. मी स्वतः काही कॉकपिटमध्ये बसलेली नाही. पण थर्ड इयरच्या सेमिनारसाठी हा विषय घेतला आणि मग तो डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच!

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनजवळ राइट फील्डवर बोइंगच्या ‘मॉडेल २९९’ या नव्या, चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची लष्करासमोर चाचणी होती. विमान उडालं, नाक वर करून चढतच गेलं, स्टॉल झालं आणि कोसळून पेटलं. विमान चालवणारे मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे टेस्ट पायलट लेस्ली टॉवर, दोघंही त्यात गेले. इंजिनात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे हलते भाग आदळू नयेत म्हणून ते अडकवून ठेवतात, ते ‘लॉक’ काढायचं राहिलं होतं. बस्स, एवढंच!

आता गंमत अशी, की हिल हे नवशिके नव्हते. तेव्हा अजून ट्रेनिंग द्या असं म्हणण्यात अर्थ नव्हता. मोठी ऑर्डर डग्लस कंपनीला गेली, पण लष्कराने चाचणीसाठी म्हणून बोइंगकडून १३ विमानं घेतली आणि ती उडवणाऱ्यांनी छोट्या छोट्या याद्या केल्या. उड्डाणाआधी काय, उतरण्याआधी काय, उतरल्यावर काय. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून गाजलं आणि त्याची १२,७३१ नगं तयार झाली. मला यातला महत्त्वाचा मुद्दा हा वाटतो, की यादी ‘ढ’ माणसासाठी निघाली नाही. ती निघाली निष्णात माणसासाठी.

हे पटत नसेल तर हॉस्टेलचंच उदाहरण घ्या. खोलीला कुलूप लावून तुम्ही तीन जिने उतरता आणि मेसच्या दारात एकदम पोटात गोळा येतो: कुलूप लावलं की नाही? कितीही आठवलं तरी आठवत नाही. का? कारण कुलूप हाताने लावलं, डोक्याने नाही. फर्स्ट इयरला पहिल्या आठवड्यात हा प्रश्न पडत नव्हता, तेव्हा कुलूप लावणं हे ‘काम’ होतं. सवय झाली की काम हाताकडे जातं आणि डोकं मोकळं होतं. हा सवयीचा फायदाच आहे, नाहीतर रोज दात घासतानासुद्धा विचार करावा लागला असता. पण ज्या दिवशी हाताने ते केलं नाही, त्या दिवशी डोक्याला कळवणारं कोणी नसतं. वैमानिक जितका मुरलेला, तितकं त्याचं जास्त काम हाताकडे गेलेलं.

म्हणून कॉकपिटमधली रोजची पद्धत अशी असते. वैमानिक आधी पॅनलवरून ठरलेल्या वाटेने हात फिरवत सगळे खटके, बटणं लावून घेतात. याला ‘फ्लो’ म्हणतात. हे सगळं पाठ असतं. मग एक जण यादी वाचतो आणि दुसरा प्रत्यक्ष बघून उत्तर देतो. म्हणजे यादी काम करण्यासाठी नाही, झालेलं काम दुसऱ्या वाटेने पुन्हा तपासण्यासाठी. आपण गणित सोडवून झाल्यावर उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करतो ना, तसं. (इमर्जन्सीच्या याद्या वेगळ्या, त्या एक ओळ वाचा – एक काम करा अशा असतात.) कागदावर ही व्यवस्था झकास दिसते. एक चूक सुटली तर दुसरी चाळणी आहेच.

पण दोन्ही चाळण्यांना एकाच जागी भोक पडलं तर?

१६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटहून निघालेलं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं २५५ क्रमांकाचं एमडी-८२ विमान उडता उडताच कोसळलं. विमानातले १५४ आणि जमिनीवरचे दोन असे १५६ जण गेले, चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. पंखांना पुढे स्लॅट आणि मागे फ्लॅप असतात. उड्डाणाच्या वेळी, वेग कमी असताना पुरेसा उचल मिळावा म्हणून ते बाहेर काढतात. त्या दिवशी ते काढलेच नव्हते. टॅक्सी करतानाची जी यादी, तिच्यात फ्लॅप हा मुद्दा होता. पण ती यादी वाचलीच गेली नाही. मधल्या वेळात धावपट्टी बदलली, नव्या धावपट्टीसाठी वजनाचे आकडे पुन्हा बघावे लागले, विमान एक वळण चुकलं. कॅप्टनने यादी मागितल्याचं ध्वनिमुद्रणात नाही आणि फर्स्ट ऑफिसरने आठवण केल्याचंही नाही. फ्लॅप नसताना थ्रॉटल पुढे केला की बोंबलायला एक वॉर्निंग यंत्रणा होती. तिला वीजच मिळत नव्हती!

एका वर्षाने, ३१ ऑगस्ट १९८८ रोजी, डॅलसला डेल्टा कंपनीचं ११४१ क्रमांकाचं बोइंग ७२७ विमान तसंच पडलं. पुन्हा फ्लॅप नाहीत, पुन्हा वॉर्निंग वाजली नाही. १०८ पैकी १४ जण गेले. रांगेत थांबलेलं असताना कॉकपिटमध्ये गप्पा रंगल्या होत्या. पण एक फरक होता आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला तो सर्वांत भयंकर भाग आहे. इथे यादी वाचली गेली होती. ‘फ्लॅप’ असं विचारलं गेलं आणि उत्तरही बरोब्बर आलं: पंधरा, पंधरा, हिरवा दिवा. रोज जे दिसतं ते तोंडाने म्हणून टाकलं. तोंडही हाताइतकंच सवयीचं गुलाम.

डेट्रॉइटला यादी नव्हती म्हणून विमान पडलं असं म्हणावं, तर डॅलसला यादी असून पडलं. मग यादीचा उपयोग काय?

हा प्रश्न असफ देगानी आणि अर्ल वीनर या दोघांनी गांभीर्याने घेतला. नासासाठी त्यांनी केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वैमानिकांच्या मागच्या खुर्चीवर बसून, खऱ्या उड्डाणांत लोक यादी कशी वापरतात ते बघितलं. आपल्याला फारसं आश्चर्य वाटणार नाही असंच दिसलं. कोणी चार-पाच मुद्दे एका दमात म्हणून टाकतंय, कोणी कागद न बघता पाठ म्हणतंय, कोणी प्रश्न यायच्या आधीच उत्तर देतंय. ओरलच्या आदल्या रात्री आपल्या विंगमध्ये जे चालतं तेच! पण त्या दोघांनी ‘वैमानिक बेफिकीर आहेत’ असा निष्कर्ष काढून फाइल बंद केली नाही. यादी नीट वापरली जात नसेल तर यादीची रचना तपासा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सूचना वाचताना वाटतं, अरे हे तर कुणालाही सुचलं असतं. पण सुचलं नव्हतं हे खरं. उदाहरणार्थ, उत्तर ‘सेट’ किंवा ‘चेक्ड’ असं नको, जे दिसतंय ते मूल्यच बोला. ‘इंधन?’ ‘चेक्ड’ यात बघितलं की नाही ते कळत नाही. ‘इंधन?’ म्हटल्यावर आकडा बोलायचा असेल तर मान वळवावीच लागते. (डॅलसला आकडाही सवयीने आला हे खरं. कुठलीच सूचना रामबाण नसते.) सर्वांत महत्त्वाचे मुद्दे यादीच्या सुरुवातीला घ्या, कारण यादी जितकी पुढे जाईल तितकी मध्ये कोणीतरी व्यत्यय आणण्याची शक्यता वाढते. मुद्द्यांचा क्रम पॅनलवर डोळा ज्या वाटेने फिरतो त्या वाटेने ठेवा. आणि यादी संपली की ‘यादी पूर्ण’ असं मोठ्याने म्हणा, म्हणजे अर्धवट सुटली असेल तर दोघांपैकी एकाला तरी खटकेल. देगानींनी नंतर अक्षरांच्या वळणावर आणि आकारावर वेगळा अहवालच लिहिला. लांबलचक मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत छापला तर वाचायला जड जातो, हे त्यात आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीत हे आपलं नशीब, पण आपण ठळक, लाल आणि अधोरेखित करून ती कसर भरून काढतो.

शिकलेला धडा शिकलेलाच राहतो असंही नाही. २० ऑगस्ट २००८, माद्रिद. स्पॅनएअरचं ५०२२. डेट्रॉइटनंतर २१ वर्षांनी तेच एमडी-८२ विमान, तेच न काढलेले फ्लॅप, तीच न वाजलेली वॉर्निंग. १७२ पैकी १५४ जण गेले. एका तांत्रिक बिघाडासाठी विमान एकदा परत आलेलं, उशीर झालेला. इंजिन सुरू झाल्यानंतरची यादी चालू असताना शेवटचा मुद्दा राहिला होता, तो फ्लॅपचा. तेवढ्यात कॅप्टनने टॅक्सीची परवानगी मागायला सांगितलं आणि यादी तिथेच तुटली. कागदाची हीच मोठी अडचण आहे: आपण कुठे थांबलो ते कागद लक्षात ठेवत नाही. बोइंग ७७७ मध्ये पडद्यावरची इलेक्ट्रॉनिक यादी आली. तिच्यात सेन्सरला कळण्याजोगं काम झालं की ती ओळ आपोआप हिरवी होते आणि राहिलेली ओळ तशीच राहते. हे मला इंजिनिअरचं उत्तर वाटतं. ‘लक्ष द्या’ असं सांगणं सोपं असतं. इथे कोणीतरी लक्ष जाण्याची सोय करून दिली.

सोय न करण्याचं उदाहरण हवं असेल तर सायप्रसच्या हेलिओस कंपनीचं ५२२ बघा. १४ ऑगस्ट २००५. आदल्या रात्री जमिनीवर केबिनच्या हवेच्या दाबाची चाचणी घेताना एक खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेला होता, तो तसाच राहिला. वैमानिकांनी तो उड्डाणापूर्वीच्या तयारीत, त्यानंतरच्या यादीत आणि उड्डाणानंतरच्या यादीत असा तीन वेळा ‘बघितला’ आणि तीनही वेळा निसटला. जो खटका वर्षानुवर्षं ‘ऑटो’वरच असतो, तो ‘ऑटो’वरच दिसतो. डोळा बघत नाही, डोळा अपेक्षा करतो. मग विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी झाल्याचा भोंगा वाजला. हा भोंगा आणि उड्डाणाची मांडणी चुकल्याचा भोंगा, दोन्हींचा आवाज एकच होता! हवेत असताना जमिनीवरचा भोंगा का वाजतोय याचा उलगडा करण्यात वेळ गेला, प्राणवायू कमी पडला, आणि १२१ माणसं गेली. आता यात ‘मानवी चूक’ किती आणि दोन वेगळ्या धोक्यांना एकच आवाज देणाऱ्याची चूक किती? ती दुसरी चूकही मानवीच आहे, फक्त ती करणारा माणूस ड्रॉइंग बोर्डपाशी बसलेला होता. आपण उद्या तिथेच बसणार आहोत म्हणून मला हे जास्त टोचतं.

इमर्जन्सीच्या यादीची तऱ्हा आणखी वेगळी. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये यूएस एअरवेजचं १५४९ हडसन नदीत उतरलं आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, सिनेमाही आला. पण त्यातली यादीची गोष्ट फार कमी लोक सांगतात. पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेली तेव्हा विमान साधारण २,८०० फुटांवर होतं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावरची यादी होती तीन पानांची आणि ती लिहिणाऱ्याने विमान २० हजार फुटांच्या वर आहे असं धरून लिहिली होती. हातात होती साडेतीन मिनिटं. फर्स्ट ऑफिसर स्काइल्स इंजिन पुन्हा चालू करण्याच्या ओळी नेटाने वाचत राहिले, पाण्यात उतरण्याच्या ओळींपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. कॅप्टन सलेनबर्गर यांनी शेपटीतलं सहायक वीजयंत्र यादीत ती ओळ यायची वाट न बघता आधीच सुरू केलं, त्यामुळे विमानाला वीज मिळत राहिली. चेकलिस्टचे भक्त आणि चेकलिस्टचे विरोधक दोघंही या घटनेवरून भांडू शकतात. माझं मत असं, की तिथे यादी हरली नाही, यादी लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती कमी पडली. इंजिनं खालीसुद्धा बंद पडू शकतात हे त्या कागदाला माहीत नव्हतं.

विमानातली ही कल्पना दवाखान्यात नेणारे सर्जन अतुल गावंडे हे आपल्याच मुलखाशी नातं असलेले, वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी केली. दिल्लीसकट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ चा. पण २०१४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा अभ्यास आला. तिथे १०१ रुग्णालयांत अशी यादी आणल्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघितले, तर म्हणावा असा फरक पडला नव्हता. यावर बरेच वाद झाले. मला त्यातून एवढंच दिसतं, की शिकवून, पटवून, आपल्या जागेला साजेशी करून घेतलेली यादी वेगळी आणि वरून आलेलं परिपत्रक वेगळं.

आणि आता येऊ वर्कशॉपकडे.

आपला फॉर्म २८ मुद्द्यांचा आहे. पहिला मुद्दा ‘परिसर स्वच्छ आहे’. नंतर ‘ॲप्रन घातला आहे’, ‘ओळखपत्र जवळ आहे’, ‘जर्नल पूर्ण आहे’. (जर्नल अपूर्ण असल्याने लेथवर कोणाचा हात सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.) आणि १९ व्या क्रमांकावर ‘चक की काढली आहे’. ज्यांनी लेथ चालवला आहे त्यांना सांगायला नको, की चकमध्ये चावी अडकलेली असताना मशीन सुरू केलं तर ती चावी गोळीसारखी उडते. समोर ज्याचं तोंड असेल त्याचं नशीब. हा मुद्दा एकोणिसावा! समोर रकाना ‘होय / नाही’, आणि खाली सही. सगळ्या बॅचचे फॉर्म एकदम भरले जातात, बहुतेक वेळा प्रॅक्टिकल झाल्यावर, पुढच्या बाकावरचा बघून. सबमिशनच्या आठवड्यात तर अख्ख्या टर्मचे. यात मुलांचा दोष आहेच. पण ज्या कागदावर कोणीच कधी ‘नाही’ लिहीत नाही, तो कागद तपासणी करत नाही, तो फक्त पुरावा गोळा करतो. उद्या काही झालं तर ‘तुम्ही सही केली होती’ म्हणायला तो उपयोगी पडेल. सेफ्टी कमिटीतल्या सरांचा हेतू तो नाही हे मला माहीत आहे, पण कागद हेतूवर चालत नाही.

आमच्या वर्कशॉपमधले मामा मात्र एकही फॉर्म न भरता काय करतात बघा. चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरून काढायचा नाही, काढला तर चावीसकट. पोरं हसतात, पण हा शुद्ध ह्युमन फॅक्टर्स आहे. चावी विसरण्याची शक्यताच ते शिल्लक ठेवत नाहीत. बाजारात स्प्रिंगवाली चावी मिळते, जी सोडली की आपणहून चकबाहेर पडते. छोट्या सेसना विमानांत स्टिअरिंग अडकवण्याची जी खीळ असते, तिला एक पत्रा असतो आणि तो इग्निशनच्या जागेवर येतो. खीळ काढल्याशिवाय इंजिनची किल्लीच फिरवता येत नाही. मेजर हिल यांच्या अपघाताला यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं? यादीत नवा मुद्दा घालण्याआधी तो मुद्दा लागूच नये असं काही करता येईल का, हे विचारायला आपण इंजिनिअर मंडळींनी तरी विसरू नये. आठ लेथच्या आठ चाव्या बदलायला फार खर्च येणार नाही.

जे उरेल त्यासाठी माझी सूचना अशी. लेथशेजारी एक फळी लावावी, तिच्यावर पाचच ओळी: चावी कुठे आहे? जॉब किती बाहेर आहे? स्पीड किती? बाही, ओढणी, केस? इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून दाखव. जोडीतल्या एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट दाखवून, आकडा बोलून उत्तर द्यायचं. ‘होय’ हे उत्तर चालणार नाही. मध्ये कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. शेवटी ‘यादी पूर्ण’. सही नको.

यात अवघड काय आहे ते मला माहीत आहे. डेट्रॉइटच्या कॉकपिटमध्ये दोघं होते आणि दोघंही गप्प होते. आपल्याकडे तर ज्युनिअरने सिनिअरला, मुलीने मुलांच्या बॅचला, आणि कोणीही सरांना ‘चावी राहिली’ म्हणायचं म्हणजे आगाऊपणा. म्हणून वाचण्याचं काम जोडीतल्या नवख्याला द्यावं आणि सरांनी स्वतः मशीन दाखवताना एखाद्या नवख्याकडूनच यादी वाचून घ्यावी, सर्वांसमोर. मग तो आगाऊपणा राहत नाही, ते त्याचं काम होतं.

वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांशी बोलणं झालं आहे. पुढच्या टर्मला एका बॅचवर चार आठवडे करून बघायला त्यांची ना नाही, मात्र छापील फॉर्म तोवर चालूच राहील. ए-२ बॅच तयार आहे. फळी आणि रंग आम्ही आणतो, फक्त अक्षर चांगलं असलेलं कोणीतरी हवं आहे. जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर नाव लिहून ठेवा.